हिवाळी मुक्काम स्पेनला : मोटार, फेरीबोट आणि नव्वद दिवसांचा हिशेब

विशेष प्रतिनिधी

ऑक्टोबर सरत आला की ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ बंदरात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. सामानाने खच्चून भरलेल्या मोटारी, मागे जोडलेल्या कॅरॅव्हान, चाकांवरचे घर म्हणावे अशी मोटरहोम आणि चालकाच्या जागी बहुतांशी साठी ओलांडलेली माणसे. ही मंडळी चार दिवसांच्या सहलीला निघालेली नसतात. घरचा हिवाळा टाळून तो स्पेनच्या उबदार किनाऱ्यावर काढायचा आणि वसंत ऋतू आला की परतायचे, असा त्यांचा शिरस्ता असतो. एकेकाळी फेरीबोटीचे तिकीट आणि खिशातले पासपोर्ट एवढ्यावर भागत असे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर मात्र या प्रवासाचे सारे नियोजन एका आकड्याभोवती फिरू लागले आहे. तो आकडा म्हणजे नव्वद दिवस. हा प्रवास कसा होतो, त्याची वाट कशी आहे आणि या आकड्याने त्यात काय बदलले, याचा हा आढावा.

हिवाळा चुकवण्याची रीत

डिसेंबरअखेरीस लंडनमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. जानेवारीत दुपारचे तापमान सरासरी आठ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. त्याच महिन्यात स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मालागा येथे दुपारी सतरा अंशांपर्यंत पारा चढतो, आणि बहुतेक दिवशी लख्ख ऊन असते. सांधेदुखी, दमा यांनी बेजार झालेल्या वृद्धांना हा फरक फार मोठा वाटतो. शिवाय घर तापवण्यासाठी लागणाऱ्या गॅस आणि विजेच्या खर्चाचा भारही कमी होतो.

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर बेनिदॉर्म नावाचे शहर आहे. एकेकाळचे हे मासेमारीचे गाव १९५० च्या दशकापासून पर्यटनासाठी वाढवले गेले आणि आज गगनचुंबी इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळी गर्दी ओसरल्यावर अशा गावांतील हॉटेले ओस पडू नयेत, हा प्रश्न स्पेनलाही होताच. इम्सेर्सो या सरकारी संस्थेने १९८५ मध्ये स्पॅनिश ज्येष्ठ नागरिकांसाठी बिगरहंगामातील सवलतीच्या सहली सुरू केल्या. त्यामुळे अनेक हॉटेले हिवाळ्यातही उघडी राहू लागली. ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी येथून येणारे हिवाळी पाहुणे याच व्यवस्थेच्या सावलीत रुळले. कॅम्पिंगच्या जागाही दीर्घ मुक्कामासाठी महिनेवारी दर देतात. तेथे वर्षानुवर्षे तीच कुटुंबे त्याच जागी येऊन उतरतात आणि शेजार जमतो.

विमानाने दोन-अडीच तासांत पोहोचता येत असताना मोटारीची यातायात कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. तीन महिन्यांचे सामान, औषधांचा साठा, चालण्याचा आधार किंवा व्हीलचेअर आणि घरचा कुत्रा हे सारे विमानात नेणे जिकिरीचे. तिकडे तीन महिने मोटार भाड्याने घेणे महागाचे. आपली मोटार सोबत असली की हे दोन्ही प्रश्न सुटतात.

बोटीच्या पोटात मोटार

मोटार रॅम्पवरून थेट बोटीत चढवायची आणि पलीकडच्या बंदरात तशीच चालवत उतरवायची, या पद्धतीस ‘रो-रो’ म्हणतात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेने गेलेल्यांना ही कल्पना नवी नाही. फरक आहे तो आकाराचा आणि अंतराचा. ब्रिटन-स्पेन मार्गावरील बोट म्हणजे तरंगते हॉटेलच असते. शेकडो मोटारी आणि मालट्रक, प्रवाशांसाठी केबिन, उपाहारगृहे आणि दुकाने असा तिचा संसार असतो.

इंग्लिश खाडीवर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सुरुवातीला मोटारी क्रेनने उचलून बोटीवर ठेवल्या जात. डोव्हर बंदरात १९५३ मध्ये मोटारींसाठी खास धक्का सुरू झाला आणि मोटारीने युरोपला जाणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. ब्रिटनी फेरीज या फ्रेंच कंपनीचा जन्म तर शेतीमालातून झाला. ब्रिटनी प्रांतातील शेतकऱ्यांना आपला फ्लॉवर आणि आर्टिचोक ब्रिटनच्या बाजारात पाठवायचा होता. अलेक्सिस गुर्वेनेक या शेतकरी नेत्याच्या पुढाकाराने जानेवारी १९७३ मध्ये, म्हणजे ब्रिटन तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायात दाखल होताच, रॉस्कॉफ ते प्लिमथ ही मालवाहतूक सुरू झाली. प्रवासी मागाहून आले. १९७८ मध्ये याच कंपनीने प्लिमथहून उत्तर स्पेनमधील सांतान्देरपर्यंत बोट सुरू केली. फ्रान्सला वळसा घालून थेट स्पेनमध्ये मोटार उतरवण्याची सोय त्यामुळे झाली. पोर्टस्मथ ते बिल्बाओ मार्गावर १९९३ ते २०१० या काळात पी अँड ओ कंपनीची ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ ही बोट चालत असे. ती बंद झाल्यावर ब्रिटनी फेरीजने २०११ मध्ये तो मार्ग हाती घेतला. ‘गॅलिसिया’ ही नवी बोट २०२० मध्ये, तर द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी ‘सालामांका’ २०२२ मध्ये या सेवेत आली.

पोर्टस्मथहून सांतान्देर किंवा बिल्बाओला पोहोचण्यास साधारणतः अठ्ठावीस ते तेहतीस तास लागतात. म्हणजे एक किंवा दोन रात्री बोटीवर काढाव्या लागतात. मोटार उभी केल्यावर हँडब्रेक लावायचा, रात्रीपुरते सामान बरोबर घ्यायचे आणि वर जायचे. समुद्रात असताना मोटारींचा डेक बंद ठेवला जातो, त्यामुळे विसरलेली औषधे आणायला खाली जाता येत नाही. मोटरहोममधील गॅस सिलिंडरचा कॉक बंद ठेवण्याची सक्ती असते. कुत्रा सोबत ठेवता येईल अशा केबिन मर्यादित असतात आणि त्या लवकर भरतात.

रो-रो बोटींच्या सुरक्षेबाबत आज जी काटेकोर शिस्त दिसते, तिच्यामागे एक दुर्घटना आहे. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघालेली ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोट पुढचे दरवाजे उघडे राहिल्याने पाणी शिरून उलटली आणि १९३ जणांचा मृत्यू झाला. मोटारींचा डेक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा असल्याने आत शिरलेले पाणी एका बाजूला झुकते आणि बोट क्षणात कलंडते, हा धडा त्यातून मिळाला. दरवाजे बंद झाल्याची खातरजमा झाल्याशिवाय आता बोट हलत नाही.

वाटेत लागतो तो बिस्केचा उपसागर. अटलांटिकवरून येणाऱ्या लाटांना येथे काही आडोसा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वादळांचा काळ. बोट उशिरा सुटणे किंवा फेरी रद्द होणे या काळात नवलाचे नाही. बोट लागणाऱ्यांनी मध्यभागातील आणि खालच्या मजल्यावरील केबिन घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. समुद्र शांत असेल तर मात्र हा प्रवास आनंदाचा ठरतो. याच उपसागरात तळ हजारो मीटर खोल जातो आणि तेथे देवमाशांचे दर्शन घडते.

ज्यांना एवढा समुद्र नको, त्यांच्यासाठी डोव्हर ते कॅले हा दीड तासाचा मार्ग किंवा १९९४ मध्ये खुला झालेला खाडीखालचा बोगदा आहे. तेथून मालागापर्यंत मात्र सुमारे दोन हजार किलोमीटर मोटार चालवावी लागते. फ्रान्समधील टोल, इंधन आणि दोन-तीन रात्रींचे हॉटेल यांचा हिशेब केला तर दोन्ही मार्गांच्या खर्चातील तफावत वरवर दिसते तेवढी राहत नाही.

उतरल्यावरचा रस्ता

स्पेन म्हणजे ऊन, ही समजूत सांतान्देरला उतरताच बाजूला ठेवावी लागते. उत्तर किनारा पावसाळी आहे. तेथून दक्षिणेकडे निघालेला रस्ता कांताब्रियाच्या डोंगरांत सुमारे एक हजार मीटरपर्यंत चढतो आणि मग कास्तीयच्या उंच पठारावर येतो. या पठारावरील बुर्गोस शहर साडेआठशे मीटरहून अधिक उंचीवर असून तेथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. पुढे माद्रिद, देस्पेन्यापेर्रोसचा घाट आणि मग आंदालुसियाची ऑलिव्हची शेते. सांतान्देर ते मालागा हे अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. बेनिदॉर्मकडे जाणारे बिल्बाओहून सारागोसा, तेरुएल, व्हॅलेन्सिया अशी वाट धरतात.

या पठाराचा हिवाळा गृहीत धरता येत नाही. जानेवारी २०२१ मधील ‘फिलोमेना’ वादळाने माद्रिद शहर बर्फाखाली गाडले गेले होते आणि तेरुएल परिसरात पारा उणे वीस अंशांखाली उतरला होता. वयस्कर चालकांनी हे अंतर दोन दिवसांत तोडावे, दिवसाउजेडी चालवावे आणि निघण्यापूर्वी घाटातील बर्फाची स्थिती पाहावी, हे उत्तम.

स्पेनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. उजवीकडे स्टिअरिंग असलेली ब्रिटिश मोटार तेथे चालवताना ओव्हरटेक करणे अवघड जाते, कारण चालकाला पुढचा रस्ता नीट दिसत नाही. अशा वेळी शेजारी बसलेल्याचे डोळे उपयोगी पडतात. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून हेडलाइटवर पट्ट्या लावाव्या लागतात. एक दिलासा असा, की भूमध्य किनाऱ्यालगतच्या एपी-७ या महामार्गाच्या मोठ्या पट्ट्यावरील टोल २०२० आणि २०२१ मध्ये रद्द झाला आहे.

नव्वद दिवसांचे गणित

इथवरचा प्रवास हा पैशांचा आणि सवडीचा प्रश्न. खरी अडचण त्यानंतर आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटिश नागरिक युरोपीय संघाच्या दृष्टीने ‘तिसऱ्या देशाचे’ झाले. तेव्हापासून त्यांना व्हिसाविना शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांपैकी कमाल ९० दिवस राहता येते. हा हिशेब एका देशापुरता नसून संपूर्ण शेंगेन क्षेत्राचा एकत्रित असतो. स्पेनला जाताना वाटेत फ्रान्समध्ये घालवलेले दिवसही त्यातच धरले जातात. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात.

एक उदाहरण घेऊ. एखादे दांपत्य १ नोव्हेंबरला सांतान्देरला उतरले, तर त्यांचा नव्वदावा दिवस २९ जानेवारीला येतो. त्या दिवशी त्यांना शेंगेन क्षेत्राबाहेर पडलेच पाहिजे, म्हणजेच ऐन थंडीत ब्रिटनला परतावे लागते. पुन्हा प्रवेश मिळू लागतो तो थेट एप्रिलच्या अखेरीस. परतीच्या दिवशी वादळामुळे बोट रद्द झाली तर काय, याचा विचार करून जाणकार प्रवासी नव्वदऐवजी पंच्याऐंशी दिवसांचाच बेत आखतात.

पूर्वी ही मोजणी पासपोर्टवरील शिक्क्यांवर अवलंबून होती. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाने ‘एंट्री-एक्झिट सिस्टिम’ टप्प्याटप्प्याने लागू केली. प्रवाशाचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात होते आणि दिवस आपोआप मोजले जातात. डोव्हरला ही तपासणी फ्रेंच अधिकारी ब्रिटनच्याच भूमीवर करतात, तर पोर्टस्मथहून निघालेल्यांची तपासणी स्पेनच्या बंदरात उतरल्यावर होते. मुदत ओलांडणाऱ्यास दंड आणि प्रवेशबंदीला सामोरे जावे लागू शकते.

या नियमाची झळ सर्वाधिक कोणाला बसली? ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून स्पेनमध्ये छोटे घर घेतले, पण तेथील कायदेशीर रहिवासी म्हणून नोंद केली नाही, अशांना. २०२० संपण्यापूर्वी जे रहिवासी होते त्यांचे हक्क करारानुसार शाबूत राहिले. अर्धे वर्ष इकडे, अर्धे तिकडे असे राहणारे मात्र मधल्या मध्ये अडकले. घर त्यांच्या मालकीचे आहे, त्याचे कर ते भरतात, पण हिवाळाभर त्यात राहण्याचा हक्क त्यांना नाही. त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या डच, जर्मन किंवा आयरिश कुटुंबाला ही मुदत नाही. संघाचे नागरिक असल्याने तीन महिन्यांपेक्षा अधिक राहायचे तर नोंदणी करावी लागते, इतकेच.

उरलेल्या वाटा

पहिली वाट दीर्घ मुदतीच्या व्हिसाची. स्पेनचा ‘नोकरी न करता राहण्याचा’ व्हिसा घेतल्यास वर्षभर राहता येते. त्यासाठी ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकाच्या चौपट, म्हणजे महिना ६०० युरोच्या निर्देशांकानुसार दरमहा २,४०० युरोंचे उत्पन्न दाखवावे लागते. जोडीदारासाठी आणखी ६०० युरो आणि दोघांचा खासगी आरोग्य विमाही लागतो. वर्षात १८३ दिवसांहून अधिक मुक्काम झाला तर स्पेनचा करदाता होण्याचा प्रश्न उभा राहतो. केवळ हिवाळा काढू इच्छिणाऱ्या सामान्य निवृत्तिवेतनधारकाला हा पोशाख अंगापेक्षा मोठाच होतो. घर खरेदी करणाऱ्यांना निवासाचा परवाना देणारी ‘गोल्डन व्हिसा’ योजना स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केली.

दुसरी वाट फ्रान्सची. तेथे चार ते सहा महिन्यांचा तात्पुरता दीर्घ व्हिसा मिळू शकतो आणि त्यावर फ्रान्समध्ये घालवलेले दिवस नव्वदात धरले जात नाहीत. मात्र दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. फ्रान्समध्ये घर असलेल्या ब्रिटिशांना ही कटकट माफ करण्याची तरतूद २०२३ च्या स्थलांतरविषयक कायद्यात घालण्यात आली होती. जानेवारी २०२४ मध्ये तेथील घटना परिषदेने ती रद्द ठरवली.

तिसरी वाट मोरोक्कोची. स्पेनच्या दक्षिण टोकाला अल्हेसिरास बंदर आहे. तेथून फेरीबोटीने सुमारे दीड तासात टँजिअर-मेड बंदर गाठता येते. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी चौदा किलोमीटर आहे. मोरोक्को शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने तेथे पाऊल ठेवले की युरोपातील दिवसांची मोजणी थांबते, आणि ब्रिटिश नागरिकांना तेथे व्हिसाविना नव्वद दिवस राहता येते. त्यामुळे सहा आठवडे स्पेन, दोन महिने अगादिर आणि पुन्हा काही दिवस स्पेन असा बेत जमतो. अगादिर परिसरात जानेवारीत दुपारी वीस अंशांच्या आसपास तापमान असते आणि मोटरहोमची तेथे रीघ लागते. अडचणी दोन. बहुतेक ब्रिटिश मोटार विमे तेथे लागू होत नाहीत, त्यामुळे सीमेवर स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. आणि कुत्र्याला युरोपात परत आणायचे तर रेबीजविषयक रक्तचाचणी आधीच झालेली असावी लागते.

निघण्यापूर्वी तपासण्याच्या बाबी

* पासपोर्ट : प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांपेक्षा जुना नसावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा.
* मोटार : नोंदणीची मूळ कागदपत्रे जवळ हवीत. ब्रिटनमधील वार्षिक ‘एमओटी’ तपासणी परदेशात करून घेता येत नाही, तेव्हा मुक्कामाच्या मध्येच ती संपणार नाही हे पाहावे. ‘जीबी’ऐवजी सप्टेंबर २०२१ पासून ‘यूके’ अक्षरांची चिकटपट्टी लागते.
* विमा : २०२१ च्या ऑगस्टपासून युरोपीय संघात ‘ग्रीन कार्ड’ लागत नाही. तथापि परदेशातील संपूर्ण संरक्षण किती दिवसांपुरते आहे, हे विमापत्रात वाचून घ्यावे.
* आरोग्य : ‘जीएचआयसी’ हे मोफत कार्ड सरकारी रुग्णालयातील आवश्यक उपचारांपुरते उपयोगी पडते. रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च त्यात येत नाही, म्हणून स्वतंत्र प्रवास विमा हवाच.
* कुत्रा-मांजर : ब्रिटनमध्ये दिलेले जुने प्राणी पासपोर्ट २०२१ पासून ग्राह्य नाहीत. निघण्यापूर्वी दहा दिवसांच्या आत पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे. कुत्र्याला परतताना २४ ते १२० तास आधी जंताचे औषध देऊन तशी नोंद करून घ्यावी.
* शिदोरी : ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे. सॅन्डविचमधील हॅमसुद्धा त्यात येते.

आपल्याकडील कुटुंबांना लागू पडणारे

हा हिशेब केवळ ब्रिटिशांचा नाही. मुलगा किंवा मुलगी जर्मनी, नेदरलँड्स वा फ्रान्समध्ये स्थायिक झाल्याने नातवंडांकडे राहायला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांनाही, त्यांच्या अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर, हाच ९० आणि १८० दिवसांचा नियम लागू आहे. व्हिसा पाच वर्षांचा मिळाला म्हणून सलग पाच महिने राहता येते, असा समज करून घेऊ नये. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाहीत, त्यांचे व्हिसा आणि दिवस स्वतंत्र. ब्रिटनमध्ये राहणारे, पण भारतीय पासपोर्ट असलेले मराठीजन मोटारीने फेरीबोटीवर चढणार असतील तर त्यांना आधी शेंगेन व्हिसा घ्यावाच लागतो, तर ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्यांना वर सांगितलेला नियम जसाच्या तसा लागू होतो.

गेल्या पन्नास वर्षांत बोटी मोठ्या झाल्या, रस्ते रुंद झाले, टोलनाकेही हटले. म्हाताऱ्या हाडांना ऊब मिळावी म्हणून शोधलेला हा मार्ग प्रवास म्हणून आज पूर्वीपेक्षा सुकर आहे, पण मुक्काम म्हणून तो आखडला आहे. तेव्हा या वाटेला जाणाऱ्याने बोटीचे तिकीट काढण्याआधी कॅलेंडर समोर घ्यावे, मागील १८० दिवसांतील मुक्काम मोजावा, त्यात वादळी हवेसाठी चार-पाच दिवस राखून ठेवावेत आणि मगच परतीची तारीख ठरवावी.